गंधाराच्या मागे

"मेला," इलाहीभाई म्हणाला आणि त्याने कानस खाली ठेवली.

तानपुरा त्याच्या मांडीवर आडवा होता. खर्जाची पितळी तार अजून थरथरत होती, आणि तिच्याहून थोडी अधिक त्याची बोटं. अब्बांनी पुढे झुकून, ताप पाहावा तसा, भोपळ्यावर तळहात ठेवला. मग नेहमीप्रमाणे वाद्याकडे न पाहता भाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अगदीच?"

"लाकूड वाजतंय, अब्बा. तार गप्प आहे."

"घोडी बदलू. नवं हाड घेऊ."

"हाडात काही नाही. माझ्यात आहे." त्याने दोन्ही हात समोर धरले, वर्गातल्या मुलाने छडी खाण्यासाठी धरावेत तसे. "बघा. भाजीवाल्याचा तराजू."

तो हसला नाही. गेल्या आठ महिन्यांत हसू त्याच्या चेहऱ्यावर पोचेपर्यंत विरून जात असे. चेष्टा मात्र जुन्या सवयीने तोंडातून बाहेर पडत.

सत्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. मिरजेच्या बाजारामागच्या बोळात आमचं दुकान होतं: खाली सतारी आणि तानपुरे, वर आम्ही तिघं. अम्मी जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण मी जन्मभर मराठी शिकवत आलो, त्यामुळे ते सगळं आता मला मराठीतच आठवतं.

आमच्या कामातली शेवटची पायरी जवारीची. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती हाडाची बोटभर रुंद पट्टी. तिची पाठ कुठे किती उतरती आहे, यावर तार नुसती वाजते की बोलते हे ठरतं. केसाच्या जाडीइतकं हाड कानसेने काढायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा काढायचं. जवारी जमली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. चार तारांपैकी एकही तार त्या सुरात लावलेली नसते. कोणी छेडत नाही, तरी तो येतो. आमच्या घराण्यात माणसाची किंमत ठरायची ती त्याला हा गंधार कितव्या वर्षी ऐकू आला यावर. इलाहीभाईला नवव्या वर्षी आला. मला तेराव्या. माझा हात जड म्हणून अब्बांनी मला कॉलेजात घातलं, पण "कान आहे, वाया गेला" असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत.

त्या फेब्रुवारीत वत्सलाबाई कागवाडकरांची जोडी बाकावर होती. बाई बहात्तर वर्षांच्या होत्या. माझ्या आजोबांनी केलेल्या तानपुऱ्यांवर त्या चाळीस वर्षं गायल्या. ती जोडी आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती. नवी जोडी ठरली तेव्हा त्यांनी अब्बांना पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं होतं, 'दस्तगीर, तुझ्या घरचा गंधार ऐकून मग मरावं म्हणते.' येण्याची तारीख खाली होती. मोजले तर एकवीस दिवस उरले होते.

अब्बा स्वतः जवारी का लावत नाहीत असं कोणी विचारलं, तर ते डोळ्यांचं कारण सांगत.

दुपारी भाई वर झोपायला गेला. त्या गोळ्यांनी तो दिवसातून दोनदा झोपे. झोपेत त्याची लाळ उशीवर पडे आणि उठल्यावर तो उशी पालथी करून ठेवी. अब्बा तून लाकडाच्या फळीवर रंधा मारत होते. त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर." शाळेत नोकरी लागण्याच्या कितीतरी आधीपासून ते मला अशीच हाक मारत. "गोळ्या तुझ्याकडेच असतात ना?"

"हो."

"किती दिवस बंद ठेवता येतील?"

"एकही दिवस नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय."

"त्या बाईंना तानपुऱ्यातलं काय कळतं?"

"त्या तानपुऱ्याबद्दल बोलत नव्हत्या, अब्बा."

"मी बोलतोय." रंधा थांबला. "आठ महिने झाले. पोरगा जेवतो, नमाजाला जातो, कुणाला उलटून बोलत नाही. ताप उतरल्यावर कोण काढा पीत बसतं?"

"हा ताप नाही."

"मग काय आहे? तू शिकलेला आहेस, सांग की."

डॉक्टरीणबाईंनी मला किती सोपं करून सांगितलं होतं.

डॉक्टर मगदूम जयसिंगपूरकडच्या. हळू बोलत, आणि बोलताना समोरच्याच्या चपलांकडे पाहत. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. मग म्हणाल्या, "आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात कोणीतरी बोलत असतं. आपणच आपल्याशी बोलत असतो. ते आपलंच आहे, ही खूण मेंदू त्यावर उमटवतो. याच्या मेंदूत ती खूण उमटेनाशी झाली आहे. त्यामुळे त्याचाच विचार त्याला बाहेरून येतो, परक्याच्या आवाजात. तो नाटक करत नाही. माझा आवाज तुम्हाला जितका खरा, तितकाच त्याला तो खरा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "दोन वर्षं तो आवाजाबद्दल सांगत होता म्हणता. घरात कोणालाच खटकलं नाही?"

"आमच्याकडे ऐकणं हाच धंदा आहे, बाई," अब्बा म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, म्हातारा टोमणा मारतो आहे. पण ते अक्षरशः खरं होतं. इलाहीभाईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो एका सतारीची जवारी लावत होता. कानस बाजूला ठेवून तो म्हणाला, "अब्बा, गंधाराच्या मागे कोणीतरी आहे." अब्बांचा चेहरा उजळला. "माझ्या आजोबांना असंच व्हायचं," ते म्हणाले. "कान एकदा उघडला की तळ लागत नाही. गंधाराच्या मागे निषाद, निषादाच्या मागे आणखी काही. मलाही येतं कधीकधी." भाईने माझ्याकडे पाहिलं. "तुला?" मी म्हटलं, "हो. पुसट."

त्या दिवशी अब्बांनी मिठाई आणली होती.

मग तो मागचा जवळ येत गेला. आधी नुसता गुणगुणायचा. मग भाई जे जे करी ते तो बोलून दाखवू लागला: आता कानस उचलली, आता पाणी प्यायला, आता भावाकडे पाहिलं. मग शेरे मारू लागला. मग हुकूम करू लागला. माठातलं पाणी पिऊ नकोस, समोरच्या दुकानाचा आरसा तुझ्यासाठी लावलाय, भोपळे कोरताना आत काय भरतात ते विचार. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये भाईने तीन दिवस स्वतःला वरच्या खोलीत कोंडून घेतलं, खिडकीच्या फटी कापसाने बुजवल्या, आणि दार फोडून आम्ही त्याला बाहेर आणलं तेव्हा तो इतका तहानलेला होता की त्याची जीभ शब्दावरून सरकत नव्हती.

सहा आठवडे तो इस्पितळात होता. घरी सोडताना डॉक्टर मगदूमनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "दोन गोष्टी. गोळी रोज तुमच्या हाताने द्यायची, आणि तो बरा दिसला म्हणून थांबवायची नाही. बरा दिसतो तो गोळीमुळे. दुसरी गोष्ट अवघड आहे. तो 'तुला ऐकू येतंय का' असं विचारेल. तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, पण हो म्हणून मानही डोलवू नका. एवढंच म्हणा: मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय यावर माझा विश्वास आहे. म्हणा पाहू."

मी म्हटलं. त्या रिकाम्या व्हरांड्यात ते सोपं होतं.

अब्बांना मी त्या दुपारी नाही म्हणालो. ठामपणे म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन भाईपुढे उभा राहिलो, तेव्हा त्याने ती तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली नाही.

"बस जरा," तो म्हणाला. "ही घेतली की तो माणूस जातो. खरं आहे ते. पण जाताना गंधारही जातो, जमीर. घर झाडायला कुणाला बोलवावं आणि त्याने चिमणीचं घरटंही केरात काढावं, तसं झालंय."

"डॉक्टर म्हणाल्या, हळूहळू..."

"हळूहळू मी सत्तावीसचा अठ्ठावीस होईन. अब्बा रोज माझ्या तोंडाकडे बघतात. मी 'मेला' म्हणालो की म्हातारा इंच इंच खाली बसतो." तो गोळी बोटांत फिरवत होता. "तुला नाही कळायचं. तुझ्याकडे अजून आहे तो."

मी पेला जमिनीवर ठेवला.

"काल तू जिन्यावर वह्या तपासत बसला होतास, खाली मी तार छेडली, आणि तू मान वर केलीस. तुला आला. मला नाही आला." तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत आठ महिन्यांनी काहीतरी ओलं होतं. "मी तुझ्यावर जळतो, ठाऊक आहे? मी. तुझ्यावर. व्याकरणाच्या मास्तरावर."

"भाई, असं काही..."

"एकवीस दिवस. बाई येऊन जाऊ देत. मग तू म्हणशील तितक्या गिळीन. पाहिजे तर पोळीला लावून खाईन."

त्याने माझी मूठ उघडली, गोळी आत ठेवली आणि एकेक बोट मिटून दिलं.

मी त्याचा तो हेवा सहन करू शकलो नाही, एवढंच आज म्हणता येतं. त्या वेळी मी याला दया समजलो होतो.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात तो आमच्यात परत आला. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्याची बोटं स्थिर झाली. जेवताना तो चव घेऊ लागला, माझ्या हातच्या आमटीला "गरम पाण्यात पडलेली डाळ" म्हणाला, आणि हे म्हणून झाल्यावर खरोखर हसला. अब्बांच्या टोपीत त्याने रंध्याचा भुसा भरून ठेवला. सकाळच्या उन्हात तो बाकावर बसे, हाडाची भुकटी त्याच्या पापण्यांवर साचे, आणि कानस अशी चाले, जणू एखाद्या झोपलेल्या मुलाच्या केसांतून कोणी फणी फिरवत आहे. चौदाव्या दिवशी त्याने पहिला तानपुरा छेडला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आला."

अब्बांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तेही म्हणाले, "आला."

"आला," मी म्हणालो.

आम्ही तिघं त्या तानपुऱ्याभोवती बसून होतो. ती दुपार मी आयुष्यात परत परत जगलो आहे. तिच्यात मला एकही काळा डाग सापडत नाही, आणि हेच तिचं सर्वांत भयंकर रूप आहे.

सोळाव्या दिवसापासून भाई झोपेनासा झाला. सतराव्या दिवशी तो माठाशी बराच वेळ उभा राहिला आणि पाणी न पिता परतला. अठराव्या दिवशी मी गोळी पुढे केली. तो म्हणाला, "तीन दिवस राहिलेत, करार करार आहे," आणि हसला. पण या वेळी ते हसू जागच्या जागी राहिलं, काढायचं विसरलेल्या पाटीसारखं. मी अब्बांना सांगितलं.

"दुसऱ्या तानपुऱ्याची जवारी अर्धी झाली आहे," अब्बा म्हणाले.

"अब्बा, तो पाणी पीत नाही."

"रोजा समज," ते म्हणाले. मग खाली पाहून, "तीन दिवस, बाबा. मग मी स्वतः त्याला भरवीन."

एकोणिसाव्या दिवशी शाळेतून येतो तो भाई दोन्ही तानपुरे समोर घेऊन बसलेला. दुसराही झाला होता. त्याने मला शेजारी बसवलं, डाव्या हाताने माझी मान धरली आणि माझा कान तबलीपाशी नेला. लहानपणी तो असाच नेत असे. त्याने चारी तारा छेडल्या.

"गंधार?"

"हो."

"आणि मागे?"

त्याचा हात माझ्या मानेवर गरम होता. लाकूड माझ्या गालाखाली घुमत होतं. डॉक्टरांनी शिकवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पहिला शब्द सुटायलाच आला होता. भाईने पुन्हा तारा छेडल्या. "तो काय बोलतो ते नको सांगूस. नुसतं सांग, आहे ना? मी एकटाच तर नाही ना, जमीर?"

"हो," मी म्हणालो. "आहे."

त्याने माझी मान सोडली. त्याचे खांदे सैल झाले. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, परत आजारी पडलो."

एकविसाव्या दिवशी सकाळी दहाला वत्सलाबाई आल्या. ड्रायव्हरला गाडीतच थांबायला सांगून त्या एकट्या दुकानात आल्या, सतरंजीवर बसल्या, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि पाणी मागितलं. माठातलं पाणी मी दिलं. भाई त्यांच्या घशाकडे एकटक पाहत राहिला.

बाईंनी पहिला तानपुरा उभा धरला, मण्यांवरून बोटं फिरवून सूर नीट केले आणि छेडायला सुरुवात केली. बराच वेळ त्या नुसत्या छेडत राहिल्या. समोरच्या बोळात कोणी सायकल टेकवली, कोणी कांदे मोजून घेतले. बाईंनी हलकेच षड्ज लावला. आवाज म्हातारा होता, पण तो तारांत अशा वाटेने शिरला की कुठे संपला ते कळलं नाही. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "दस्तगीर. बोलतोय रे."

अब्बांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी भाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आणि मागचा?" भाईने विचारलं.

"मागचा कोण, बाळ?"

"गंधाराच्या मागे बोलतोय तो. आत्ता त्याने तुमचं नाव घेतलं."

बाई मिश्किल हसल्या. "माझं नाव पुष्कळ लोक घेतात. बहुतेक वेळा पाठीमागेच."

"तसं नाही. तो म्हणतोय, तुम्ही ते पाणी प्यायला नको होतं." त्याचा आवाज काळजीचा होता, अदबीचा होता. "तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

बाईंचा हात तारांवर थांबला. "नाही रे."

भाईने मान डोलावली. तो रागावला नाही. समोरचं माणूस थोर असलं तरी प्रत्येकालाच सगळं दिलेलं नसतं, असा काहीसा समजूतदार भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. "यांना येतं," तो म्हणाला. "अब्बांना पहिल्यापासून येतं. जमीरलाही येतं, परवाच म्हणाला. तुम्ही विचारा ना यांना."

बाई वळल्या. "दस्तगीर? काय म्हणतोय हा?"

अब्बा बराच वेळ सतरंजीच्या दोऱ्याशी चाळा करत राहिले. मग ते बोलले, खाली पाहून, एखाद्या कचेरीत जबानी द्यावी तसे.

"बाई, मला गंधारच ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. वरचे सूर सगळे गेले. तुम्ही बोलता तेही निम्मं ओठ बघून कळतं. पोराच्या तोंडाकडे बघून मी 'आला' म्हणत आलो. त्याला आला म्हणजे आला असणारच." त्यांनी नाक पुसलं. "मागचं मला काय ठाऊक? त्याने सांगितलं, आहे. बापाला कान नाही असं पोराला कसं सांगू? मी म्हटलं, असेल."

मी अब्बांकडे पाहत होतो आणि माझ्या पायाखालून पायरीमागून पायरी निसटत होती. कारण मी तेराव्या वर्षापासून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून 'आला' म्हणत आलो होतो.

"जमीर," भाई म्हणाला.

त्याने एवढंच म्हटलं. हाक मोठी नव्हती. दोन वर्षं त्या परक्या आवाजाच्या वेढ्यात तो उभा होता तो दोन साक्षीदारांच्या भरवशावर, आणि त्यातला एक आत्ताच त्याच्या डोळ्यांसमोर कोसळला होता. उरला होतो मी. आणि मला ते वाक्य पाठ होतं.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

वाक्य तिथे संपत नव्हतं. उरलेला अर्धा भाग त्याच्यासाठी होता. पण पहिला अर्धा बाहेर पडताच माझ्या आत नऊ वर्षांचा बांध फुटला, आणि मी माझ्याबद्दल बोलू लागलो. "कधीच येत नव्हतं, भाई. गंधारसुद्धा नाही. एकदाही नाही. अब्बांनी मला बाकावरून उठवू नये म्हणून म्हणायचो. तू विचारायचास म्हणून म्हणायचो. परवाही खोटं बोललो." मी बोलत राहिलो, आणि सांगायला लाज वाटते, मला हलकं वाटत होतं.

भाईने माझं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी मागे हटत गेलं, ओहोटीला पाणी हटतं तसं, घाईविना, आवाजाविना.

"त्याने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय सांगितलं होतं?" अब्बांनी विचारलं.

"बाई येतील त्या दिवशी या दोघांना बदलतील. चेहरे तेच ठेवतील." त्याने बाईंच्या हातून तानपुरा हळूच काढून घेतला, मांडीवर आडवा ठेवला आणि खुंट्या पिळून एकेक तार सैल करू लागला. पहिली, दुसरी, तिसरी. अब्बांनी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला, झटका न देता. बसमध्ये अनोळखी माणसाचा हात चुकून लागला तर आपण घेतो तसा. मी पुढे सरकलो.

"तुम्ही लांब राहा," तो मला म्हणाला.

जन्मात त्याने मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

बाई दाराशी गेल्या, थांबल्या. "दस्तगीर, जोडीचं राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी पोराला ने." आणि त्यांनी आपली गाडी आम्हाला दिली, स्वतः स्टेशनपर्यंत टांग्याने गेल्या. त्यांनी ती जोडी नंतर कधी मागितली नाही. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

डॉक्टर मगदूमनी एकदाही आवाज चढवला नाही. "तुमच्या 'हो'मुळे त्याला हा आजार झालेला नाही," त्या म्हणाल्या. "हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर तुम्हीही संपाल. तो यायचाच होता. पण गोळ्या थांबवल्यात, त्याचं सांत्वन माझ्याकडे नाही. हा आजार उलटतो तेव्हा पूर्वीइतका मागे हटेलच असं नसतं."

तो हटला नाही. औषधं बदलली, विजेचे झटके झाले, नवी औषधं आली. आवाजातला माणूस दूर गेला, मग पुसट झाला. भाई सांगतो की आता तो क्वचितच बोलतो. पण त्या सकाळी जो दरवाजा बंद झाला, तो कोणत्याही औषधाने उघडला नाही. अब्बांच्या हातचं त्याने पुन्हा कधी खाल्लं नाही. अब्बा पाच वर्षं रोज डबा घेऊन तो असेल त्या इस्पितळात जात, पायरीवर बसत, आणि भरलेला डबा घेऊन परत येत. त्यांच्या जनाज्याला मी भाईला नेलं. तिथे जमलेल्या लोकांना तो हळू आवाजात सांगत होता की हे कोण होते ठाऊक नाही, पण माणूस सोशिक होता.

आता तो चौसष्ट वर्षांचा आहे. शहराबाहेरच्या एका संस्थेत राहतो. तिथल्या नर्सशी नीट बोलतो, पोळ्यांची टिंगल करतो, बागेला पाणी घालतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटायला देतात. छत्तीस वर्षांत मी फार थोडे शनिवार चुकवले असतील.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा भेटीच्या खोलीत तो आधीच येऊन बसला होता. केस विंचरलेले, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. समोरच्या खुर्चीवर मी बसलो. तो थोडा वेळ माझ्याकडे सभ्यपणे पाहत राहिला, मग अवघडून पुढे झुकला.

"माफ करा, तिथे नका बसू," तो म्हणाला. "ही खुर्ची माझ्या भावाची आहे."

"येणार आहे का तो?"

"आज पहिला शनिवार ना. लांबून येतो, मास्तर आहे. अजून पोचला नाही." त्याने दाराकडे पाहिलं. "येईल. चुकवायचा नाही तो."

मी उठलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. भेटीची वेळ संपेपर्यंत आम्ही दोघांनी त्याची वाट पाहिली.